चार ग्रॅम अर्क

सांगलीच्या कॉलेजातल्या त्या प्रयोगशाळेत एके काळी पाच जण संशोधन करायचे. आता एकटी प्रियंका खरात उरली होती. दिवसभरात तिचं बोलणं व्हायचं ते शिपायाशी, तेही किल्ली घेता-देताना.

फ्रीजमध्ये तिची एक बाटली होती, चार ग्रॅम अर्काची. त्यासाठी लागलेल्या मुळ्या माणमधल्या डोंगरावरून तिच्या वडिलांनी खणून आणल्या होत्या. मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेल्या सोपानरावांना लेकीच्या पीएच.डी.तलं काही कळत नव्हतं, पण झुडूप एकदा दाखवल्यावर ते चुकले नाहीत. चैत्रात ते गेले. झुडपं नेमकी कुठं होती, हे तिनं नंतर आईला विचारलं.

"जागा त्येंनाच ठावं," बाळाबाई म्हणाली. "मी कवा गेली त्या डोंगरावर?"

प्रियंका स्वतः दोनदा डोंगर फिरून रिकाम्या हातांनी परतली. म्हणजे आता हे चार ग्रॅमच. त्यातलं एक पिवळसर संयुग शुद्ध मिळालं, तरच प्रबंध पुरा होणार होता.

तिचे मार्गदर्शक सुमंत सर निवृत्त होऊन वाईला राहत होते. ते फोनवर म्हणाले, "काचेच्या नळीत सिलिकाची भुकटी भर, वरून अर्क सोड, द्रावक ओतत राहा. एका दिवसाचं काम. आयुष्यभर मी तेच केलं."

"मागच्या वेळी निम्मंसुद्धा बाहेर आलं नव्हतं, सर."

"तेव्हा तुझा हात बसला नव्हता."

वर्षभर तिनंही तेच खरं मानलं होतं. या वेळी मात्र नळी भरण्याआधी तिनं सिलिकाची एक चौकोनी पट्टी घेतली. कोपऱ्यात अर्काचा थेंब लावला, घटक वर चढत वेगळे व्हावेत म्हणून पट्टी द्रावकात उभी केली, वाळवून दोन तास तशीच ठेवली आणि मग आडवी फिरवून पुन्हा द्रावकात चढवली. संयुग टिकलं असतं, तर सगळे ठिपके एका तिरक्या रेषेत दिसायला हवे होते. दिव्याखाली पाहिलं, तर रेषेबाहेर दोन नवे ठिपके होते. सिलिकाच संयुग मोडत होती. तिच्या हाताचा काही दोष नव्हता.

हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. शिपाई रजेवर होता.

सिलिकाऐवजी अॅल्युमिनाची भुकटी घेतली, तर संयुग मोडेना, पण सगळे घटक वेगळे न होता एकत्रच बाहेर आले. उरला एचपीएलसीचा मार्ग : पाणी धरून न ठेवणाऱ्या, तेलकट कणांचा कॉलम आणि पंपाच्या दाबानं सोडलेलं द्रावक. त्यात संयुग शाबूत राहत होतं, पण एका वेळी अगदी थोडाच अर्क घालता येई. कॉलेजचं यंत्र त्यासाठी फारच लहान होतं. तिची जुनी सहकारी वल्लरी सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या एका कंपनीत होती. तिथं मोठं यंत्र होतं आणि शनिवार-रविवार ते मोकळं असायचं.

"सर, सिलिका नको. पट्टीवर संयुग मोडलेलं दिसलं," प्रियंकानं फोनवर सांगितलं.

"तुला योग्य वाटेल ते कर," एवढं म्हणून सरांनी फोन ठेवला.

वल्लरीनं यंत्र लावून दिलं आणि ती घरी गेली. दोन दिवस प्रियंका त्या गार खोलीत बसून होती. वीस-वीस मिनिटांच्या चाळीस फेऱ्या. अकराव्या मिनिटाला पडद्यावर रेघ उंच चढली, की ती बाटली बदलायची. रविवारी जेवणाच्या वेळी कॅन्टीनही बंद होतं. पायरीवर बसून तिनं डबा खाल्ला.

सोमवारी वल्लरीनं सगळं वाळवून दिलं. बासष्ट मिलिग्रॅम, एकसारखं पिवळं, आणि तपासणीच्या आलेखात एकच शिखर, म्हणजे शुद्ध.

एसटीत बसल्यावर तिनं आईला फोन केला.

"निघालं का गं?"

"निघालं. चिमूटभर."

"लय मुळ्या आणल्या व्हत्या त्येंनी," बाळाबाई म्हणाली. "पुरंल न्हवं तेवढं?"

"पुरेल."

फोन ठेवला तेव्हा सरांचा निरोप आलेला दिसला : 'ती पट्टी दाखव.' तिनं फोटो पाठवला. सातारा गेलं, कराड गेलं. सरांनी फोटो पाहिला होता. उत्तर मात्र आलं नव्हतं. शेजारची सीट रिकामी होती. तिनं पिशवी मांडीवरच ठेवली.