दौलतचा मागचा पाय

"पाय उचलला! अय्यो, पाय उचलला हो!"

भैरवाच्या देवळासमोर झावळ्यांचा मांडव घातला होता आणि त्याखाली एवढी दाटी होती, की मागच्यांना पुढच्यांच्या मानांखेरीज काही दिसत नव्हतं. तरी ओरडत सगळेच होते. ज्यांनी पाहिलं ते ओरडले, म्हणून बाकीचेही ओरडले. दोनचार नारळ फुटले. कापराचा धूर वैशाखातल्या उन्हात सरळ वर चढला.

मांडवाच्या मधोमध गोणपाटावर एक म्हातारी कुत्री पडली होती. रंग तांबूस, तोंडाजवळ पांढरी झालेली, कातडीखाली हाडं दिसायला लागलेली. नाव दौलत. तिचा मागचा पाय गेले कित्येक दिवस ओल्या फडक्यासारखा लोंबत होता. वैरवस्वामी नावाच्या मांत्रिकानं मंत्र म्हणत त्याच्या बोटांना भस्म चोळलं, आणि तोच पाय आता सगळ्यांदेखत पोटाशी ओढला गेला होता.

"पाहिलंत?" वैरवस्वामींनी दोन्ही हात वर केले. अंगभर भस्म, गळ्यात कवड्या, आणि आवाज बाजारात भांडी विकणाऱ्याचा. "मद्रासला न्या म्हणतात! हाडांचा फोटो काढा म्हणतात! अरे, ज्यानं हाडं घडवली त्याला फोटो कशाला हवा? कुत्रा कुणाचं वाहन? भैरवाचं! मालक आपली गाडी रस्त्यात बंद पडू देईल का?"

लोक हसले.

"नो ऑपरेशन, नो इंजेक्शन!" स्वामींनी बोट नाचवलं. "ओन्ली ॲक्शन!"

कुत्रीच्या उशाशी बसलेल्या रघुनाथरावांचे डोळे वाहत होते. ते आडुतुरैचे निवृत्त स्टेशनमास्तर. बारा वर्षांपूर्वी पार्सलच्या तराजूवर कुणीतरी टाकून गेलेलं पिल्लू त्यांनी खिशात घालून घरी आणलं होतं. सेवेतून निवृत्त होऊन कुंभकोणमला राहायला आल्यावरही दोघं रोज संध्याकाळी स्टेशनवर जायची. गाडी वेळेवर आहे की नाही, एवढंच बघून परत यायची.

"वत्सले," त्यांनी खांबाशी उभ्या असलेल्या लेकीला घरच्या मराठीत हाक मारली, "पाहिलंस ना गं? जीव आला पायात!"

वत्सलानं पाहिलं होतं. ती मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची. कमी बोलायची, आणि जे बोलायची ते वर्गात फळ्यावर लिहावं तसं. पण पाय हलला तेव्हा तिच्याही छातीत काहीतरी उसळलं. क्षणभर ती शास्त्र विसरली. मग सवयीनं तिनं दौलतच्या तोंडाकडे पाहिलं. ते वळलंच नव्हतं, आणि ती उसळी जागच्या जागी बसली.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर व्यंकटरमणांनी दौलतला महिन्यापूर्वी तपासलं होतं. पाठीवरून हात फिरवता फिरवता ते एका मणक्याशी थांबले होते. "कण्यात गाठ असू शकते," ते म्हणाले होते. "कॅन्सरची. खात्रीनं सांगत नाही. मणक्याची सूजही असू शकेल. मद्रासला क्ष-किरण आहेत, पण या पाठीला आगगाडीचे हादरे सोसायचे नाहीत. तुम्ही एक करा. मागच्या बोटांमध्ये चिमटा घ्या. तिनं वळून पाहिलं तर अजून आशा आहे. ज्या दिवशी पाहणार नाही, त्या दिवशी मला बोलवा. तिचे हाल उगाच लांबवू नका."

त्यानंतर वत्सलानं एकदाही चिमटा घेतला नव्हता. रोज सकाळी ती दौलतचं अंग पुसायची, मागच्या पायांपाशी आली की हात हलका करायची आणि पुढे सरकायची. वर्गात मुलींना 'करून बघा, मगच माना' असं सांगणारी वत्सला घरी करून बघायला धजत नव्हती.

ते आज स्वामींनी केलं होतं, सगळ्या गावासमोर.

"आता शेवटचा उपाय!" स्वामींनी कोपऱ्यातल्या शेगडीकडे हात केला. तिच्यात एक सळई तापून लाल झाली होती. "पायात जीव आणला. पाठीत बसलेली करणी आता जाळायची. कण्यावर तीन डाग. मग तीन दिवस अन्न नाही, पाणी नाही. डॉक्टरची गोळी दिलीत तर मी जबाबदार नाही! आणि तुम्ही, जानकीराम, बाज पुढे घ्या. कुत्री झाली की तुमच्या मंडळींचा नंबर."

तिरुभुवनमचा विणकर जानकीराम बाजेचा खूर धरून उभा होता. बाजेवर त्याची बायको त्रिपुरसुंदरी पडली होती. विहिरीवर पाय घसरून पडल्यापासून ती उभी राहिली नव्हती. तिची नजर त्या सळईवरून हलत नव्हती.

वत्सला पुढे आली.

"स्वामी, एक विनंती आहे."

"विनंती देवाला कर, टीचरम्मा. मी नुसता पोस्टमन."

"तो मंत्र पुन्हा म्हणाल? पण हात मागे ठेवून."

स्वामी गर्दीकडे वळून हसले. "ऐका! स्पर्शावाचून शक्ती उतरते का? तुझ्या घरी बटणाला हात न लावता दिवा लागतो का गं?"

पुन्हा हशा. रघुनाथराव अवघडले. "वत्सले, जाऊ दे ना."

"नाही लागत," वत्सला शांतपणे म्हणाली. "म्हणून बटण कुठे आहे तेवढंच बघते."

ती गोणपाटाशी बसली. पिशवीतून पेन्सिल काढून तिचं बोथट टोक तिनं दौलतच्या मागच्या दोन बोटांमध्ये टेकवलं. "माझाही एक मंत्र आहे," ती म्हणाली. "अप्पांनी शिकवलेला, स्टेशनांचा. कुंभकोणम, तिरुनागेश्वरम, तिरुविडैमरुदूर, आडुतुरै..." आणि टोक दाबलं.

पाय झटकन वर आला.

मांडवभर खसखस पिकली. "अगं बाई, मायावरमपर्यंत म्हण, म्हणजे कुत्री धावेलच!" नारळ विकणारी अलमेलू ओरडली. तिनं स्वामींचा हात धरून वर केला. "हे बघा, सामींचं नख! माझ्या कोयत्याएवढं आहे. भस्म चोळता चोळता हेच टोचत होते!"

"अविश्वास!" स्वामींनी हात हिसडला. "या बाईच्या अविश्वासानं शक्ती निघून गेली!"

"गेली तर पाय कसा उडतोय, सामी?"

लोक आणखी हसले. वत्सला हसली नाही. अजून एक गोष्ट उरली होती.

"अप्पा, डब्यात दहीभात आहे ना? तिला भरवा."

रघुनाथरावांनी काही न कळून डबा उघडला. दौलतनं त्यांच्या बोटांवरचा भात हळूहळू चाटायला घेतला. वत्सलानं मागचं बोट दाबलं. पाय उडाला. दौलत भात खात राहिली. पुन्हा दाबलं, जोरानं. पाय पुन्हा उडाला, आणि दौलतचा कानसुद्धा हलला नाही. मग वत्सलानं पुढच्या पंजाला नुसतं टोक लावलं. दौलतनं भात सोडला, मान वळवली, बारीक कुईं केलं, आणि जिनं दुखवलं तिचाच हात चाटला.

आता कुणी हसत नव्हतं.

"मागचा पाय हलला, पण तो दौलतनं हलवला नाही," वत्सला म्हणाली. बोलताना ती वडिलांकडे बघत नव्हती. "बोटाला टोचलेलं मज्जारज्जूपर्यंत जातं. तिथूनच उलट हुकूम येतो, पाय ओढ. डोक्यापर्यंत ती खबर पोचतच नाही. कॉलेजात आम्ही डोकं काढलेला बेडूक पाहिला होता. त्याच्या पायाला आम्ल लावलं की तोही पाय झाडायचा. बेडूक तर मेलेला होता."

"म्हणजे," रघुनाथराव सावकाश म्हणाले, "तार तुटली आहे."

वत्सलानं वर पाहिलं.

"तिरुविडैमरुदूरपाशी तार तुटली, तर आडुतुरै आणि मायावरम आपापसात बोलतात," ते म्हणाले. "कुंभकोणमला काही ऐकू येत नाही. तसंच ना?"

"तसंच, अप्पा."

"आणि ही तार जोडायला माणूस नाही."

तिनं होकारार्थी मान हलवली.

आत्ताआत्तापर्यंत ज्या चमत्कारासाठी नारळ फुटत होते, तोच दौलतच्या आजाराचा पुरावा होता. स्वामींना ते ठाऊक असेल नसेल. त्यांना बटण ठाऊक होतं, आणि त्यांचा धंदा चालायला तेवढं पुरत होतं.

रघुनाथरावांनी डब्याचं झाकण लावलं. ते उठले, तांब्याभर पाणी घेऊन शेगडीपाशी गेले आणि सळईवर ओतलं. चर्र आवाज झाला.

जानकीराम वत्सलाजवळ आला. "टीचरम्मा, हिचंही असंच असेल का? हिला कळतं की नाही, ते कसं बघायचं?"

"मला कळतं," बाजेवरून त्रिपुरसुंदरी म्हणाली. "डाव्या पायाला मुंगी चावली तरी कळतं. मला कुणी विचारलंच नाही. सगळे स्वामींनाच विचारतात."

"डोळे मिटा," म्हणून वत्सलानं तिच्या पायाच्या करंगळीला पेन्सिल लावली. "कुठे लागलं?"

"करंगळीला. हळू गं!"

"हिला इथून उचला," वत्सला जानकीरामला म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "आज, आत्ता, मोठ्या दवाखान्यात न्या. मी डॉक्टर नाही, बरी होईल असं मी म्हणणार नाही. पण हिला कळतंय. या पाठीला तापलेलं लोखंड लावू देऊ नका."

बाज उचलली गेली. मांडवाचा एक कोपरा रिकामा झाला, मग दुसरा. स्वामी कवड्या सावरत देवळामागे निघून गेले.

घरी आल्यावर रघुनाथरावांनी दौलतला ओसरीवर आपल्या आरामखुर्चीशेजारी निजवलं. शेजारची धनलक्ष्मी कॉफी घेऊन आली. कॉफी पेल्यात तशीच निवून गेली.

"डॉक्टरांना केव्हा बोलवायचं?" त्यांनी विचारलं.

"उद्या सकाळी चालेल का, अप्पा?"

"पाठ फार दुखते का गं तिची?"

"गाठीच्या वरचं सगळं दुखतं. म्हणून तर उचलताना कण्हते."

ते बराच वेळ तिच्या कानामागे खाजवत राहिले. दौलत डोळे अर्धे मिटून पडली होती. संध्याकाळची गाडी शिट्टी देऊन गेली तेव्हा तिनं मान उचलली. ते म्हणाले, "वेळेवर आहे गं. झोप."

सकाळी डॉक्टर व्यंकटरमण आले. सुई भरून त्यांनी पुढचा पाय हातात घेतला, तशी दौलत कण्हली.

"डॉक्टर," रघुनाथराव म्हणाले, "सुई मागच्या पायात देता येईल का? तिथं तिला कळत नाही."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "येईल," ते म्हणाले. "का नाही येणार!"

"पाय उडेल, अप्पा," वत्सला म्हणाली. "बघू नका."

"ठाऊक आहे. मी तोंडाकडेच बघणार आहे."

सुई टोचली तेव्हा पाय उडाला. दौलतला ते कळलं नाही. ती रघुनाथरावांच्या बोटांना लागलेला दहीभात चाटत होती. चाटणं हळूहळू मंद झालं, आणि थांबलं.

पंधरवड्यात बातमी आली. वैरवस्वामींनी तिरुविडैमरुदूरला नवा मांडव घातला होता. रघुनाथरावांनी कोट चढवला, दौलतचा पट्टा खिशात टाकला आणि दुपारची गाडी पकडली. शास्त्र त्यांना सांगता येत नव्हतं आणि गर्दीत बोलायची सवय नव्हती. मांडवाच्या तोंडाशी उभे राहून, येणाऱ्या प्रत्येकाला ते तेवढंच सांगत राहिले.

"आत पाय हलेल. माझ्या कुत्रीचाही हलला होता. तुम्ही पाय बघू नका, तोंड बघा. ज्याचं दुखतंय त्यालाच विचारा, कळतंय का म्हणून. मग डॉक्टरला विचारा. उत्तर वाईट असलं तरी विचारा. वाईट उत्तर कळलं, की निदान शेवटचा दिवस जवळ बसून काढता येतो. या माणसानं माझा तोही दिवस शेगडीपाशी घालवला असता."

कुणी आत गेले. कुणी थांबले. एक म्हातारी आपल्या नातवाला कडेवर घेऊन आली होती. तिनं त्यांचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं, नातवाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि दवाखान्याची वाट विचारली.

रघुनाथराव तिला वाट दाखवायला बरोबर गेले.