खंडेनवमीचा माझा उपास

पितळेचा असलो तरी देवघरातला नव्हे, मित्रांनो. मी वाटूरच्या गिरिजाबाईंच्या पिठाच्या चक्कीतला बुश आहे. चक्कीचा फिरता दांडा माझ्या पोकळीत बसतो. नवीन जालन्यात वसंता मिस्त्रींनी मला लेथवर कातलं आणि डोक्यावर तेलाचं छिद्र पाडलं. त्यांचे उपकार मी कसे विसरेन?

लोकांना वाटतं, दांडा माझ्यावर घासतच फिरतो. छे हो! आमच्यामध्ये दाट तेलाचा पातळसा थर असतो. दांडा फिरला की अंगाला चिकटलेलं तेल सोबत ओढून नेतो. पुढे आमच्यातली फट निमुळती होते, तेल तिथं कोंडतं, त्याचा दाब वाढतो आणि तोच दाब एवढ्या जड दांड्याला अलगद उचलून धरतो. फट सगळीकडे सारखी असती, तर असा दाब उठलाच नसता. माझं सगळं आयुष्य त्या तेलानं सांभाळलं आहे.

मागच्या खंडेनवमीला मात्र माझी धडगत नव्हती. गिरिजाबाईंची नवी सून प्रीती भारी हौशी. यंत्राची पूजा करायची म्हणून तिनं डिझेल ओतून माझ्यातलं तेल पार धुऊन काढलं, मला लख्ख घासलं आणि तेलाच्या छिद्रातच हळदीकुंकू भरलं. काय नटलो होतो मी!

दसऱ्याला सकाळीच बायका गहू घेऊन आल्या. मोटार सुरू झाली अन् मी किंचाळलोच. कोरडा दांडा मला खरवडू लागला, धूर निघाला. आणखी थोडा वेळ गेला असता, तर माझी रवानगी थेट भंगारात होती. गिरिजाबाईंनी धावत येऊन बटण बंद केलं.

“तेल कुठं गेलं गं?”

“आत्या, मी तर साफ करून पूजा केल्ती,” प्रीती रडवेली झाली.

छिद्रातलं कुंकू पाहून गिरिजाबाईंना हसू फुटलं. “अगं बाई, नवरात्राचा उपास तुला व्हता, त्याला न्हाई! मंग आता तूच सोड त्याचा उपास.”

मी गार झाल्यावर प्रीतीनं काडीनं छिद्र मोकळं केलं, तेल सोडलं, पट्टा हातानं फिरवून ते आत मुरवलं. मोटार लागली. दांडा माझ्यावरून उचलला गेला आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. ओरखडे राहिले, पण वाचलो.

मित्रांनो, यंत्र जरूर पुसा, त्याला फुलंही वाहा. पण त्याचं तेलाचं छिद्र कधी बुजवू नका. यंदा प्रीतीनं कुंकू माझ्या कडेला लावलं. त्याआधी मला पोटभर तेल पाजलं. तिचा स्वतःचा उपास तेव्हा अजून सुटायचा होता.