भिंगरीच्या वाट्याचं बोलणं

"बाई, आमची प्रीती मुकी हाय व्हय?"

क्रांतीनं विचारलं. मागं अंगणवाडीच्या दारात तिच्या वर्गातल्या पोरी खिदळत होत्या. पैज त्यातल्या संयोगितानं लावली होती. "गावभर कुजबुज चाललीया तुझ्या भणीची. दम असंल तर मीनाबाईंस्नी तोंडावर इचार की!" नववीपर्यंत क्रांती कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण वक्तृत्वाची ढाल जिंकून आणल्यापासून तिच्या जिभेचा गंज उतरला होता. आता ती आधी विहिरीत उडी मारायची, मग पाणी किती ते बघायची.

मीनाबाईंनी चार वर्षांच्या प्रीतीपुढं चित्रांचा तक्ता धरला. आंब्यावर बोट ठेवलं. पोर गप. मांजरावर ठेवलं. पोर गप. म्हशीवर बोट आलं तशी पोर ताडकन ओरडली, "हैक! हो मागं!"

पोरी फिदीफिदी हसल्या. बाई हसल्या नाहीत.

"मुकी कशाची? कानावर पडतंय तेच तोंडात येतंय. घरात कोण बोलतंय तिच्यासंगं?"

 क्रांती खाली बघत म्हणाली, "आबा म्हणत्यात, पोरं चिडवत्यात हिला. बोलली न्हाय तर दिवाळीनंतर अंगणवाडी बंद. गोठ्यात ऱ्हाईल म्हणत्यात."

"बोलणाऱ्याच्या एरंड्या इकत्यात बाई, न बोलणाऱ्याचं गहू बी पडून ऱ्हात्यात," मीनाबाई म्हणाल्या. "रोज चार चित्रं दाव. तीच तीच दाव. नाव घे, मग त्याचं काय काय असतंय ते सांग. एक दीस चुकवायचा न्हाय."

घर मळ्यात, गावापासून मैलभर. चारी अंगांनी डोक्याच्या वर गेलेला ऊस. पाऊस सरत आला तरी राधानगरीच्या अंगानं ढग चढून येतच होते, आणि काळ्या रानात पाय टाकला की चप्पल तिथंच राहायचं. बाप सयाजी, पोरींचा आबा, दिसभर वैरण, भांगलण, पाण्याची मोटार. चार शब्द बोलला तर पाचवा उद्यासाठी ठेवायचा. आई बाळाबाई चार म्हशींच्या मागं. प्रीती गोठ्याच्या उंबऱ्यावर, हातात मोबाईल.

क्रांतीनं बियाण्याच्या पाकिटावरची भेंडी कापली, कॅलेंडरावरचा मोर कापला, साबणाच्या खोक्यावरचा गुलाब कापला, बिस्किटाच्या पुड्यावरचं पोरगं बी सोडलं नाही. कणकेची खळ करून सगळं सोप्यातल्या भिंतीला चिकटवलं.

"प्रीते, ही भेंडी. आपल्या बांधाला हाय तीच. म्हण, भेंडी."

प्रीती उसाकडं बघत बसायची.

"ह्यो मोर. पाऊस आला की नाचतोय. कसा नाचतोय? आसा!" क्रांती सोपाभर नाचायची. पोर बघायची, डोळे मिटायची, उठून गोठ्याकडं चालायची.

"आई, तू बी ये की जरा!"

"धार कोण काढंल? तुझा मोर?" गोठ्यातनं आवाज यायचा. "डेअरी थांबतीया व्हय माझ्यासाठनं?"

पंधरा दिवस झाले. बोलून बोलून घसा बसायचा आणि आपलाच आवाज भिंतीवरनं परत यायचा. शाळेत चारशे पोरांपुढं बोलताना न कापलेली क्रांती इथं एका पोरीपुढं रडकुंडीला यायची. उसाच्या पलीकडं गाव होतं, मैत्रिणी होत्या. पण अलीकडं तिच्या शब्दाला हूं म्हणणारं एक माणूस नव्हतं.

एका रविवारी सकाळी ती भाकरीचं पीठ मळत होती. सोप्यातनं बारीक आवाज आला. तिनं डोकावून बघितलं. प्रीती भिंतीला कपाळ टेकून उभी होती आणि मोरावरनं हात फिरवत होती.

"सोड गं माझी बाय. सोड माझी राणी. कोण रागं भरलं तुला? कोण न्हाय बाय, आपुन दोघीच हाय की."

क्रांतीच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. ती तशीच घरामागच्या परड्यात आली. गोठ्यात आई भिंगरी म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून बसली होती, आणि शब्दाला शब्द तेच बोलत होती.

भिंगरी नाठाळ. गोड बोलल्याबिगर पान्हा सोडायची नाही, दुसऱ्याचा हात लागला तर लाथ. म्हणून आई रोज दोन्ही वेळा तिला लाडानं बोलायची. आईच्या पोटातलं सगळं गोड तिथंच रितं व्हायचं. आणि आईला तरी ऐकणारं दुसरं कोण होतं?

दुधाची बारडी घेऊन आई सोप्यात आली. मागनं आबा वैरणीचा भारा टाकून आले. प्रीतीचं अजून चालूच होतं, "आपुन दोघीच हाय की."

आईनं बारडी खाली ठेवली. "आगं बया… ही तर माझं बोलतीया."

"पंधरा दीस मी घसा फोडला, एक शब्द घेतला न्हाय," क्रांती म्हणाली. "तुझं समदं पाठ हाय तिला. दोघं बी ऐका आता. उद्यापास्नं सकाळची धार मी काढणार. तेवढा येळ आईनं प्रीतीला मांडीवर घिऊन ह्या चित्रांपुढं बसायचं आणि भिंगरीला बोलतीस तसं बोलायचं."

"भिंगरी हात लावून दील व्हय तुला?" आबा म्हणाले. "पान्हा चोरंल की ती."

"चोरू दे. लाथ बी खातो मी. पर अंगणवाडी बंद व्हायची न्हाय, आबा. आणि सांजच्याला तुम्ही बसायचं. निम्मी चित्रं तुमची."