फुलबाबा आणि सावित्री निकम

पंचवटीत फुलबाबांच्या ओट्यापुढे मुंगीला शिरायला जागा नव्हती. बाबा ओल्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना फुलं चिकटवत. उजवं पडलं की पास, डावं पडलं की नापास! नर्सच्या सरकारी परीक्षेचा निकाल ते दोन महिने आधी सांगत, आणि दोन वर्षं तो बहुतेक खरा ठरला होता.

अंबूबाईचं डावं पडलं. बाबा डोळे मिटून म्हणाले, "पोरी, विद्या तुझ्या नशिबातच नाही. चूल फुंक."

विधवा अंबूबाईला सासरच्यांनी एकाच अटीवर नर्स व्हायला शिकायला पाठवलं होतं. नापास झाली की इगतपुरीला परत, जन्मभर दिराच्या घरी राबायचं. दीर बहिरू तर आता परीक्षेपर्यंतही थांबेना. "देवच नाय म्हनतो, मंग कशाला बसती? ऐतवारी न्यायला येतो." तिला पुस्तकातली अक्षरं दिसेनात.

शिकवणाऱ्या वत्सलाबाईंनी विचारलं, "आणखी कुणाचं डावं पडलं?"

"भागीबाईचं आणि आक्काबाईचं."

बाई चमकल्या. श्रावणात या तिघीच रात्रपाळीला होत्या. रात्रपाळीच्या मुलींची चाचणी मागाहून होई आणि गुण बाईंच्या वहीत राहत. गुणपत्रकात त्यांच्यापुढे नुसती रेघ, पाहणाऱ्याला नापासच वाटावी अशी. ते पत्रक सांभाळणारा कारकून गोटीराम बाबांचा पट्टशिष्य होता!

रविवारी बहिरू आला, तशा बाई त्याला आणि अंबूबाईला घेऊन थेट ओट्यावर गेल्या.

"बाबा, आमची सावित्री निकम आजारी आहे. परीक्षेत तिचं काय होईल?"

गोटीराम बाबांच्या कानाशी वाकला. बाबांनी फुलं लावली. उजवं टपकन पडलं.

"पहिली येणार!"

"अशी मुलगीच नाही," बाई म्हणाल्या. "सोमवारी मीच ते नाव नव्वद गुण देऊन पत्रकात घातलं." त्यांनी डावं फूल ओढून काढलं. मागे गंधाचा जाड थर होता. पडलेल्या फुलाला नुसतं पाणी.

ओट्यापुढे हशा पिकला. बाबा "घोर कलियुग!" म्हणत आत पळाले.

बाईंनी वही उघडून बहिरूपुढे धरली. अंबूबाईला एकाहत्तर गुण होते.

"पन देवाचा कौल..." बहिरू पुटपुटला.

"तो कौल गोटीरामचा होता, भाऊजी," अंबूबाई म्हणाली. "तुम्ही एकटे जा. मला अभ्यास आहे."

लोकहो, वर्षभर चाचण्या नीट लिहिणारी मुलगी मोठ्या परीक्षेतही बहुधा नीटच लिहिते. बाबांची सिद्धी ती एवढीच, चोरून गुण वाचण्याची. तुमच्या लेकीचं काय होणार, हे तिच्या बाईंना विचारा. त्या चुकल्या, तर निदान त्यांची वही तरी तपासता येते.