दुसरा ताण

"माणिक, इकडं ये. हे पान पाह्य."

जमुनाने संत्र्याचं पान बोटांत धरलं होतं, तोडलं नव्हतं. माणिकबाईने डब्याची पिशवी बांधावर टेकवली आणि वाकून पाहिलं. "पान हाय. आनखीन काय?"

"मिटेल हाय."

"उन्हाळा हाय, मिटनच."

"अवं, दुपारी मिटन. सकाळी उघडाले पाह्यजे का नाही?"

सूर्य अजून वर यायचा होता. मोर्शीजवळच्या या बागेत जमुनाने अठरा वर्षं मजुरी केली होती. ताणावरचं झाड ओळखायला तिला कुणाच्या मोबाइलची गरज नव्हती. बहर यावा म्हणून संत्र्याचं पाणी महिना-दीड महिना तोडतात, त्याला म्हणतात ताण. तहानलेलं झाड पुन्हा पाणी मिळताच फुलांनी लगडतं. दुपारी मिटलेली पानं रात्रीच्या गारव्यात उघडतात, तोवर झाड सोसतंय असं समजायचं. पहाटेही मिटलेलीच राहिली, की त्याने हात टेकले. आज चार ओळी फिरून झाल्या, तरी तिला एक उघडं पान दिसलं नव्हतं.

वर्षातून ताण एकदाच, हा जुन्या मालकांचा, जानरावांचा कायदा. तो कुठे लिहिलेला नव्हता. जानराव होते तोवर लिहायची गरजही नव्हती. यंदा हिवाळ्यात ताण झाला, फुलं आली, आणि माघातल्या गारपिटीने सगळी खाली आणली. जानरावांचा मुलगा गजेंद्र तेव्हा दोन दिवस जेवला नव्हता. जमुनाला त्याची फार दया आली होती. पण जेवायला लागल्यावर या पठ्ठ्याने काय केलं, तर एप्रिलात पुन्हा पाणी तोडलं. त्याच झाडांचं.

गजेंद्र विहिरीपाशी दात घासत होता.

"गजू, आज पानी सोड."

"पावसाले महिना हाय, मावशी. आता सोडलं तं फुलं निंघतीन अन् उन्हात जयतीन. दोन्ही बहर गेले मंग."

"फुलं जाऊ दे. झाडं चालली."

"मोबाइलवरल्या सल्लागारानं सांगतलं, अजून महिनाभर काही होत नाही."

"त्यानं पान पाह्यलं का?"

"फोटो पाठोला होता."

"कवा काढला?"

"काल. जेवून उठल्यावर."

जमुनाला हसू आवरेना. "अरे, दुपारी तं मी बी मिटतो. सकाळी पाहा लागते रे, बाप्पा!"

गजेंद्रने चूळ भरली. चूक कळली होती, तोंडावर दिसत होतं; पण मजुराने दाखवलेली चूक मालकाला घशाखाली जात नाही. "झाडं माही हायेत," तो म्हणाला.

"तुही हायेत. तहान कोनाची हाय?"

"अन् वर्षभर मी घर कायनं चालवू? सांग नं!"

"थे मले नाही समजत, गजू. पन मानसाले दुसरं काम भेटते. झाडाले नाही भेटत."

तो टॉवेल झटकत घरात गेला. शेतातली लाइट दहाला आली, आणि जमुनाने शेडमध्ये जाऊन स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. चोरून नाही; माणिकबाई "आता गं माय!" म्हणून ओरडली, इतकं उघड. ठिबकच्या नळ्या फुगल्या, पहिल्या दोन ओळींच्या बुडाशी माती काळी व्हायला लागली. तिला इतकं बरं वाटलं की तिने चप्पल काढून त्या ओलीत पाय ठेवला.

मोटारीचा आवाज ऐकून गजेंद्र उष्ट्या हाताने धावत आला. मोटार बंद करून त्याने तिन्ही फ्यूज उपटले आणि खिशात घातले.

"उद्यापासून तुमचं काम बंद."

हा पोरगा तिला लहानपणापासून 'तू' म्हणायचा. ते 'तुमचं' तिला काम जाण्यापेक्षाही जास्त लागलं. पण ती रडणाऱ्यांतली नव्हती. तिने पदर खोचला आणि बैलांच्या हौदात बादली बुडवली.

"हे काय?"

"आमचं काम उद्यापासून बंद हाय नं? आज मी कामावर हाओ."

"बैलाईचं पानी हाय थे!"

"बैलाईले इचारलं मी."

"सहाशे झाडं हायेत, मावशी. याड लागलं काय?"

"मोजेल हायेत. लावली तवाच मोजली."

त्याने पुढे होऊन बादलीची कडी धरली. तिनेही सोडली नाही. थोडं पाणी सांडलं, तेही एका झाडाच्या आळ्यातच गेलं. मग गजेंद्रनेच कडी सोडली, शेडमधल्या खाटेवर जाऊन बसला आणि पाहत राहिला. पन्नाशी उलटलेल्या बाईशी झोंबायचं म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय उरत नाही.

तिसरी ओळ, पहिलं झाड. दुसरं. एका झाडाला दोन बादल्या, हळूहळू, मूळ दचकू नये म्हणून. ऊन मी म्हणत होतं. माणिकबाई बांधावरून दोनदा म्हणाली, "बस कर वं, मरशीन." तिचीही रोजी या बागेतच होती; ती काही बादली घेऊन आली नाही, आणि जमुनाने तिला बोलावलंही नाही.

तेराव्या झाडानंतर बादली हौदाच्या तळाला खरवडली. हौद कोरडा पडला होता. तेवढ्यात बैल आले, एकाने रिकाम्या हौदात तोंड घातलं आणि मान वर करून गजेंद्रकडे पाहिलं.

गजेंद्र बैलांकडेच पाहत होता, तिच्याकडे नाही. मग उठला, फ्यूज बसवले, ठिबकचा कॉक बंद करून हौदाचा उघडला. मोटार सुरू झाली.

दोन्ही बैल पोटभर पिईपर्यंत जमुना बादली घेऊन बाजूला उभी राहिली. ते हटल्यावर तिने बादली भरली. मोटार चालूच होती.

"उद्यापासून काम बंदच हाय," गजेंद्र म्हणाला.

"हो," ती म्हणाली, आणि चौदाव्या झाडाकडे निघाली.