योशीयाची अर्धी गोष्ट

जहाजाच्या इंजिनरूममध्ये आग लागली तेव्हा सोबत काम करणारा अश्विन राजसच्या डोळ्यांसमोर जळाला. राजस खंडोबाचं नाव घेत शिडी चढून बाहेर आला. तेव्हापासून माझा हा मुलगा इथे परदेशात, सेरंगूनच्या आमच्या फ्लॅटमध्ये गप्प बसून असे. सांत्वन करणं मला जमत नाही. मी आपला वाचलेलं सांगत राहिलो.

प्राचीन इस्राएलात आधी पुष्कळ देव होते, मी सांगितलं. एल, बआल, देवी अशेरा. याहवे त्यांतलाच एक, आणि अशेरा त्याची बायको असावी, असं काही अभ्यासक म्हणतात. मग योशीया राजा आला. त्याने मंदिरातून अशेरा ओढून काढली, जाळली, तिची पूड थडग्यांवर फेकली. पुजाऱ्यांना वेद्यांवर कापलं. एकच देव ठेवला. हे मी रंगवून सांगितलं. कुणी ऐकतंय म्हटलं की मला भान राहत नाही. पुढे तोच राजा मारला गेला आणि काही वर्षांनी जेरुसलेम जळालं, ते उद्या सांगू म्हणून ठेवून दिलं.

शनिवारी सकाळी ठोकण्याचा आवाज आला. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक राजसने फरशीवर मांडले होते. भवानी आणि जोतिबा चेचून चपटे झाले होते.

"अश्विनने सगळ्यांना हाका मारल्या," तो म्हणाला. "गणपती, दत्त, देवी. मी एकालाच मारली."

आमच्या खंडोबाच्या टाकावर घोड्यावर म्हाळसाही बसलेली आहे. राजसने तिच्यावर छिन्नी टेकवली. तेवढ्यात सुनेने, जाईने, टाकावर हात ठेवला. माझ्या बायकोने जाताना तो तिच्या ओंजळीत दिला होता.

"हात काढ."

"नाही काढणार. तिला खरवडलंस तर तोही फाटेल. पत्रा एकच आहे रे."

हातोडा पडला. बोटं मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला.  जाईने दुसरा हात पुढे केला.

"राजस, तो राजा मेला," मी म्हणालो. "लढाईत. शहरही जळालं. माझं सांगायचं राहिलं."

"मग त्याने कुठला तरी देव शिल्लक ठेवला असणार, बाबा."

त्याने हातोडा पुन्हा उचलला. आयुष्यात मी कुणावर हात उगारलेला नाही. देव्हाऱ्याजवळची गंधाची सहाण उचलून मी त्याच्या डोक्यात घातली. तो पडेना, म्हणून आणखी एकदा घातली.

तो टाकांवरच कोसळला. जाईने धडक्या हाताने त्याच्या जखमेवर ओढणी दाबली. अॅम्ब्युलन्सचा नंबरही तिनेच लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडच्या बाईने विचारलं, कुणी मारलं? मी म्हणालो, त्याच्या वडिलांनी. जिवंत आहे का? मला वाकून बघवेना.

"श्वास चालू आहे," जाई म्हणाली. "बाबा, ती सहाण आता खाली ठेवा."