चार बोटांची फट

धाकट्याने बटण दाबून धरलं. गाडीचं छत घरघरत मागून उठलं, डोक्यावरून पुढे आलं आणि समोरच्या काचेला टेकायला चार बोटं राहिली असताना थांबलं.

"सोड ते बटण," थोरला म्हणाला. "मोटर जळेल."

तीन वर्षांत भावाशी बोललेलं हे त्याचं पहिलं वाक्य. शब्दाला शब्द लागला होता, तेव्हापासून धाकट्याने गॅरेजची पायरी चढली नव्हती. आणि आज आला, तो अशी गाडी घेऊन. पुढच्या सीटवर बाबा, डोळ्यांना काळा चष्मा. चाळीस वर्षं गाड्यांखाली झोपून काढलेला हा माणूस थोरल्याच्या व्हॅनमध्ये बसला की पाठ दुखते म्हणून कुरकुरायचा. इथे मात्र नवरदेवासारखा ऐटीत बसला होता. थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"निघताना उघडलं तेव्हा व्यवस्थित होतं," धाकटा म्हणाला. "पुढच्या वळणावर ऊन लागायला लागलं म्हणून बंद करायला गेलो, तर हे असं. बाबा म्हणाले, इथेच दाखवू."

"महागाची गाडी. नखरे असायचेच."

त्याने बॅटरी मापली. चांगली होती. फ्यूज शाबूत, पंपातलं तेल खुणेपर्यंत. धाकटा मागे मागे फिरत होता.

"काही धरू का?"

"लांब उभा राहा. कपडे खराब होतील."

बोलून त्याला जरा बरं वाटलं. पण ते फार टिकलं नाही.

शेवटी त्याने डिकी उघडली. आत आडवी फळी होती. ती नीट खाली बसली की तिच्याखालचा छोटा स्विच दाबला जातो, आणि तरच छत पूर्ण बंद होतं. फळीचा एक कोपरा बोटभर वर राहिला होता. त्याने ती उचलली.

खाली बाबांची हत्यारांची पेटी होती. पोचे पडलेली, हिरवा रंग उडालेली. लहानपणी तिला हात लावला म्हणून त्याने मार खाल्ला होता. आज ना उद्या ती आपल्याकडे येणार, हे तो धरून चालला होता. म्हणजे हीसुद्धा धाकट्यालाच. ज्याला धड पाना धरता येत नाही त्याला.

"अरे, ही कुठून आली?" धाकटा वाकून बघत म्हणाला. "बाबा, निघताना काठी ठेवतो म्हणून डिकी उघडायला लावलीत, तेव्हा ही ठेवलीत?"

"ज्याची आहे त्याला द्यायची होती," बाबा समोर बघतच म्हणाले. काठी त्यांच्या मांडीवर होती.



"आधी बॅटरी मापलीस," बाबा म्हणाले. "मग फ्यूज. डिकी सगळ्यात शेवटी. असल्या गाडीचं आधी काय बघायचं, काय शिकवलं होतं मी?"

थोरल्याने हातातली फळी बघितली, मग काळ्या चष्म्याकडे बघितलं.

"पण झालंय काय?" धाकट्याने विचारलं. "लगेच होईल ना?"

थोरल्याने पेटी होती तशीच राहू दिली. तिच्यावर फळी टेकवली आणि डिकी लावून टाकली.

"मोठं काम आहे," तो म्हणाला. "संध्याकाळ होईल. वहिनी स्वयंपाकाला लागलीच असेल, तिला सांग तुम्ही दोघं जेवायला आहात म्हणून."

धाकटा आत गेला. बाबांनी चष्मा काढला, दार उघडलं आणि उतरायला आधार हवा म्हणून थोरल्यापुढे हात केला.